सबंध जहाज

कपिलचा फोन आला तेव्हा दुपारचे बारा चाळीस झाले होते. यशोधरेला ती वेळ पुढं कायमची लक्षात राहिली, कारण फोन उचलण्याआधी तिनं सवयीनं भिंतीवरच्या दोन्ही घड्याळांकडं पाहिलं होतं. एक घड्याळ मंचरचं, दुसरं सहल जिथं असेल तिथलं. दुसऱ्यात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. ही कपिलनं फोन करायची वेळ नव्हती.

कपिल तिचा धाकटा भाऊ. जुन्नर-आंबेगावची अडतीस माणसं घेऊन तो सिंगापूरहून सुटलेल्या एका अवाढव्य क्रूझवर गेला होता, आणि ते जहाज आज सकाळी मलेशियातल्या पेनांग बंदराला लागलं होतं. लोकांना तीन-चार तास गाव दाखवायचं आणि परत जहाजावर चढवायचं, एवढंच आजचं काम होतं.

"ताई," तो म्हणाला, "बहिरूबाबा सापडत नाहीत."

तिनं हातातलं पेन खाली ठेवलं. कपिलला दम लागलेला होता. अडतीसपैकी तिघी गुडघ्यांमुळं जहाजावरच राहिल्या होत्या, बाकी पस्तीस जण खाली उतरले. तिथल्या तमिळ लोकांच्या पेठेत सगळ्यांनी चहा घेतला, कुणी साड्यांच्या दुकानात शिरलं, कुणी देवळात जाऊन आलं. निघताना त्यानं डोकी मोजली तर चौतीस भरली. पुन्हा मोजली, तरी चौतीसच. लोणीचे बहिरूबाबा नव्हते. अर्धा तास पेठ पालथी घातली, मग ते एकटेच पुढं गेले असतील म्हणून सगळ्यांना घेऊन तो बंदरावर आला. तिथंही नव्हते.

"कार्डाचं काय म्हणतात?" तिनं विचारलं.

जहाजावर चढता-उतरताना प्रत्येकाचं कार्ड यंत्राला लावावं लागतं. आत किती, बाहेर किती, हे त्या यंत्राला माणसापेक्षा नीट ठाऊक असतं. यंत्र म्हणत होतं, बहिरूबाबा बाहेर आहेत.

साडेचारला शिडी ओढून घेणार होते, पाचला जहाज सुटणार होतं. म्हणजे मंचरच्या घड्याळात दोन आणि अडीच. तिनं कपिलला सांगितलं, बाकीच्यांना कल्याणीबरोबर वर पाठव आणि तू परत पेठेत जा. कल्याणी जुन्नरची शिक्षिका, सासूला घेऊन सहलीला आलेली. शांत डोक्याची बाई होती, चौतीस माणसं तिच्या भरवशावर सोडता येण्यासारखी होती.

फोन ठेवल्यावर खाली स्टँडवरून नारायणगाव गाडीची घोषणा ऐकू आली. गाडीचं असं नसतं, हा विचार तिच्या मनात आला. ओझरला एकदा दर्शनाच्या रांगेत अडकलेल्या एका म्हातारीसाठी तिनं आख्खी बस दोन तास थांबवून धरली होती. ड्रायव्हर कुरकुरला, माणसं कुरकुरली, पण बस थांबली. जहाज थांबत नाही. सतरा मजले, साडेचार हजार प्रवासी, वर दीड हजार नोकरचाकर. बंदरातली त्याची जागा तासावर ठरलेली, पुढच्या बंदरातलीही ठरलेली. त्या साडेचार हजारांत एक म्हातारा कमी भरला, तर ते त्याचा पासपोर्ट खोलीतून काढतात, बंदरावरच्या एजंटाच्या हातात ठेवतात आणि निघतात.

हे तिला दोन वर्षांपूर्वी कळलं होतं, ती स्वतः त्या जहाजावर गेली होती तेव्हा.

यशोधरा मूळची लेण्याद्रीच्या पायथ्याची. तिचे वडील तुळशीदास डोलीवाले होते. ज्यांना पायऱ्या चढवत नाहीत अशा माणसांना खुर्चीत बसवून खांद्यावर वर न्यायचे आणि खाली आणायचे. ते म्हणत, खांद्यावर माणूस आहे तवर आपले पाय आपले नसतात. पोरीनं मात्र खांद्याचं काम करू नये म्हणून त्यांनी तिला शिकवली. लग्न होऊन ती मंचरला आली, एका बसमालकाच्या ऑफिसात नऊ वर्षं अष्टविनायकाची बुकिंगं घेतली, मग स्वतःचं 'यशोधरा यात्रा' सुरू केलं. पहिली सहल आपल्याच समाजाच्या माणसांची, बुद्धगया आणि सारनाथची. मग केरळ, मग थायलंड. आणि मग लोक क्रूझ मागायला लागले.

सुरुवातीला तिला नवल वाटलं. ज्यांनी समुद्र धड पाहिला नाही, त्यांना समुद्रात चार दिवस काय करायचंय? मग लक्षात आलं की लोकांना समुद्र नकोच होता, जहाज हवं होतं. थायलंडच्या सहलीत रोज नवं हॉटेल, रोज बॅग भरा, रोज बॅग उपसा, पाचला उठा, बसमध्ये बसा. जहाजावर बॅग एकदा उघडली की झालं. हॉटेलच तुम्हाला घेऊन निघतं. गुडघे गेलेल्यांना लिफ्ट, पथ्यवाल्यांना पथ्याचं जेवण, पोरांना पाण्याच्या घसरगुंड्या, बर्फाचं मैदान, नाटकघर. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तिथं कामाला हातच लावायचा नाही. जन्मभर पहाटे उठून गोठा काढलेली बाई तिथं नुसती खुर्चीत बसायची, आणि एक गोरा पोरगा तिला वाकून चहा द्यायचा. त्याचा फोटो गावच्या ग्रुपवर पडला की आठ दिवसांत त्या गावातून आणखी चार फोन यायचे. आईबापाला कुरूजला पाठवलं, ही पोरांची नवी शान झाली होती.

शिवाय दर वर्षी जहाज वाढत होतं. आठ वर्षांपूर्वी एजंटांच्या फुकट सहलीत तिनं पाहिलेलं जहाज दोन हजार माणसांचं होतं, आणि तेव्हा तेच तिला एखाद्या गावाएवढं वाटलं होतं. आताचं त्याच्या दुप्पट. तरी गिऱ्हाईक फोनवर पहिला प्रश्न तोच विचारायचं, यापेक्षा मोठं नाही का?

बहिरूबाबा असले प्रश्न विचारणाऱ्यांतले नव्हते. बहात्तर वर्षांचा हाडकुळा माणूस, डोक्याला लाल पटका. लोणीच्या मेंढपाळाचं घर. बारा वर्षांपूर्वी मेंढरं विकली आणि पोरानं कांदा-बटाट्याची शेती धरली. त्याआधी दर दिवाळीनंतर ते कळप घेऊन नाणेघाटानं कोकणात उतरायचे. उरण-अलिबागच्या अंगाला माळावर मेंढरं बसवली की समुद्र दिसायचा आणि त्यात लांबवर उभी जहाजं. ती रात्री दिव्यांनी पेटायची. चाळीस वर्षं त्यांनी ती लांबून पाहिली होती. एकदा आत जाऊन बघायचं होतं. पोरगा भैरवनाथ त्यांना आणि आईला, गजराबाईंना, घेऊन या ऑफिसात आला तेव्हा म्हाताऱ्यानं सगळं ऐकून घेतलं होतं आणि अखेरपर्यंत एकच गोष्ट विचारली होती. ती कोणती, हे यशोधरेला त्या घटकेला आठवलं नाही. ती दुसऱ्याच विचारात होती.

भैरवनाथला सांगायचं की नाही?

अजून एक तास होता. म्हातारा दहा मिनिटांत सापडला तर उगाच त्या पोराचा जीव टांगणीला. पण नाही सापडला आणि त्याला नंतर कळलं, तर? तिनं दोनदा नंबर काढला आणि दोनदा बंद केला. तिसऱ्यांदा लावला. तो मंचरच्या बाजार समितीतच होता, कांदा घेऊन आलेला. नुसतं "आलो" म्हणाला. बारा मिनिटांनी तो जिना चढून आला तेव्हा त्याच्या पायाला मार्केटची धूळ तशीच होती.

"आण्णा कुठं हायेत?"

तिनं जे घडलं ते क्रमानं सांगितलं, एक शब्द न लपवता. तो उभाच राहिला. मग म्हणाला, की तुमच्या भरवशावर आम्ही म्हातारी माणसं पाठवली. त्यांच्याकडं फोन नाही, त्यांना मराठीशिवाय एक अक्षर येत नाही, कानानं कमी ऐकू येतं. पस्तीस माणसं सांभाळायला एकच पोरगा पाठवता, ताई? मेंढरांमागं पण दोघं असतात.

ती म्हणाली, "बसा, भाऊ." तो बसला नाही.

एक वाजून वीस मिनिटांनी कपिलचा दुसरा फोन आला. चहावाल्याला विचारून झालं, देवळात झालं, चौकातल्या पोलिसाला म्हाताऱ्याचा फोटो दाखवून झालं. लाल पटक्याचा म्हातारा पाहिल्याचं एका फळवाल्यानं सांगितलं, पण कुठल्या दिशेला गेला हे त्याला सांगता येईना. कपिल पुन्हा बंदरावर येत होता.

तो फोन ठेवते तोच कल्याणीचा आला. ती जहाजावरून बोलत होती आणि तिच्या शेजारी गजराबाई होत्या. खोलीत जहाजाचे दोन अधिकारी आले होते आणि कपाटातला बहिरूबाबांचा पासपोर्ट मागत होते. गजराबाईंनी फोन स्वतःच्या हातात घेतला. आवाज चढलेला नव्हता.

"वो ताई, हे पासपोट मागत्यात. म्हंजी आता ह्यांना हितंच सोडून जानार का?"

यशोधरेनं डोळे मिटले. खोटं सांगता आलं असतं. म्हणता आलं असतं की नुसता नियम आहे, येतीलच ते. तिनं खरं सांगितलं, साडेचारपर्यंत आले नाहीत तर जहाज निघेल, पासपोर्ट बंदरावर राहील म्हणजे त्यांना मागून विमानानं आणता येईल. कपिल शोधतोय.

मग गजराबाई म्हणाल्या, "मग मी बी उतरते. माजी पिशवी भरलीया."

"मावशी, नका उतरू. तुमच्या गुडघ्यांनी तिथं काय होणार? तुम्ही जहाजावरच थांबा. मी सांगते तसं करा."

"आवो पर..."

"कल्याणीला फोन द्या."

कल्याणीला तिनं सांगितलं, त्यांना खाली उतरू देऊ नकोस, काही झालं तरी. फोन ठेवताना भैरवनाथ आपल्याकडं पाहतोय हे तिला जाणवलं, पण त्यानं अडवलं नाही. आईच्या बाबतीत बहुधा त्यालाही तेच हवं होतं.

दीड वाजून गेला. तिनं एजंटला फोन केला, जहाजकंपनीच्या मुंबईच्या ऑफिसला केला. दोन्हीकडून तेच उत्तर आलं, गोड आवाजात. वेळ वाढवता येत नाही. तिनं सहलीचा छापील कागद पुढ्यात ओढला, त्यावरचा बंदराचा नंबर बघायला, आणि तिची नजर आपल्याच शब्दांवर अडली. 'जहाज सुटण्याची वेळ: सायं. ५.००' ही ओळ ठळक, मोठ्या अक्षरात. तिच्याखाली बारीक अक्षरात, 'सर्वांनी ४.३० पूर्वी जहाजावर असावे'. कागद तिनंच लिहिला होता. बसच्या सवयीनं लिहिला होता. बहिरूबाबांना वाचता येत नव्हतं. कुणीतरी त्यांना वाचून दाखवलं असणार, आणि ठळक तेवढंच वाचलं असणार.

तिनं तो कागद भैरवनाथपुढं केला. "त्यांना पाच वाजता यायचंय असं वाटत असेल," ती म्हणाली. "चूक माझी आहे."

भैरवनाथनं कागद वाचला. तो आता आणखी चिडेल असं तिला वाटलं होतं. पण तो पहिल्यांदा खुर्चीवर बसला, आणि त्याचा आवाज बदलला.

"म्हंजी आण्णा हरवलं न्हाईत," तो सावकाश म्हणाला. "मी तेच म्हनतोय मघाधरनं मनात. आमचं आण्णा हरवायचं न्हाईत, ताई. नाणेघाटातनं अंधारात कळप उतरवलेला मानूस हाय तो. त्यांना वाटतंय टाइम हाय. ते कायतरी बघाया गेल्यात."

"काय बघायला?"

त्याला माहीत नव्हतं. गर्दीत त्यांचा जीव गुदमरतो, एवढं तो म्हणाला. जत्रेतसुद्धा ते बाजूच्या टेकाडावर जाऊन बसतात. मेंढरं मोजायची म्हटलं तर कळपात उभं राहून मोजता येत नाहीत, लांब जाऊन उभं राहावं लागतं, ही त्यांची खोड. मग तो म्हणाला की परवा आईच्या फोनवरून ते बोलले होते. जहाज कसंय असं विचारलं, तर म्हणाले, काय सांगू बाबा, आत नुसत्या खोल्या आन् बोळ. बाहेरनं बघावं तर पांढरी भिंत. जहाज कुठं दिसलंच न्हाई अजून.

यशोधरा उठून उभी राहिली.

दाराशेजारच्या भिंतीवर त्या जहाजाचा मोठा फोटो लावलेला होता. दोन वर्षांपूर्वी तिनंच काढलेला. धक्क्यावर उभं राहून ते जहाज फोटोत मावतच नव्हतं. मान वर करून पाहिलं तरी खिडक्यांच्या रांगा आणि पांढरा पत्रा, बस. म्हणून ती किनाऱ्याकिनाऱ्यानं चालत गेली होती, तिथं समुद्रात लाकडी खांबांवर उभी केलेली जुनी वस्ती आहे तिथवर. त्या वस्तीच्या फळ्यांच्या वाटेच्या टोकाला उभं राहिल्यावर सबंध जहाज एका नजरेत आलं होतं. फोटोच्या कोपऱ्यात एका लाकडी घराचं छप्परही होतं. बुकिंगच्या दिवशी बहिरूबाबा याच फोटोपुढं उभे होते, आणि त्यांनी तिला एवढंच विचारलं होतं, ह्यो फोटू कुठनं काढला? तिनं सांगितलं होतं.

एक अठ्ठेचाळीस. तिकडं चार अठरा. कपिल बंदरावर, शिडीपाशी उभा होता.

त्यानं पहिल्या रिंगलाच फोन उचलला आणि ती बोलायला लागली. किनाऱ्यानं उजवीकडं जा, एक-सव्वा किलोमीटर, लाकडी घरांची वस्ती, सगळ्यात लांब फळ्यांची वाट, तिच्या टोकाला.

कपिलनं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "ताई, बारा मिनिटं राहिलीत. गेलो तर मी परत पोचणार नाही."

हे तिलाही दिसत होतं. तो गेला आणि म्हातारा तिथं नसला, तर दोघंही बाहेर. जहाजावरच्या सदतीस माणसांना कुणी वाली नाही, आणि त्यांत नवरा मागं राहिलेली एक म्हातारी. तो चढला, तर सदतीस माणसं सुखरूप. आणि पाच वाजता एक म्हातारा, पाच वाजता पोचायचं म्हणून, नेमका वेळेवर धक्क्यावर येईल आणि तिथं भिंत नसेल.

भैरवनाथ तिच्याकडं पाहत होता. त्यानं तोंड उघडलं आणि मिटलं. तिला ते पुरेसं होतं.

"जा," ती म्हणाली.

"आणि जहाजावरच्यांचं?"

"त्यांचं कल्याणी बघेल. तू जा. फोन चालू ठेव."

कपिलनं रिक्षा-टॅक्सी काही पाहिलं नाही, तो पळतच सुटला. फोन त्याच्या हातात होता, त्यामुळं ऑफिसात त्या दोघांना त्याच्या पावलांचा आवाज येत होता, गाड्यांचे हॉर्न, कुणीतरी परक्या भाषेत ओरडलेलं. मग फोन कट झाला. तिनं लावला, लागला नाही. भैरवनाथनं लावला, लागला नाही.

दोन वाजता कल्याणीचा मेसेज आला. शिडी ओढली.

दोन पाच. दोन दहा. खालच्या दुकानदारानं वर येऊन कसल्या तरी पावतीचं विचारलं, तिनं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. भैरवनाथनं दोन्ही तळहात टेबलावर पालथे ठेवले होते आणि तो त्यांच्याकडंच बघत होता. कपिलला उजवीकडं सांगितलं की डावीकडं, असं तिच्या मनात आलं. समुद्राकडं तोंड केलं तर उजवीकडं. बंदराकडं पाठ केली तर? तिनं त्याला तोंड कुठं करायचं हे सांगितलंच नव्हतं.

दोन वाजून सतरा मिनिटांनी व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर आधी नुसत्या फळ्या दिसल्या, मग कपिलचं घामानं भिजलेलं तोंड.

"आहेत," तो म्हणाला. "आधी उलट्या बाजूला पळालो." त्यानं फोन वळवला.

फळ्यांच्या टोकाला बहिरूबाबा मांडी घालून बसले होते. चपला शेजारी नीट जोडून ठेवलेल्या. पडद्यात पोराचं तोंड दिसल्यावर ते गोंधळले. ह्यो पळत कशापायी आला, असं त्यांनी भैरवनाथला विचारलं. ते निघतच होते म्हणे. पाचला सुटतंय ना, अजून टाइम हाय की.

भैरवनाथ उठून जिन्यात गेला आणि भिंतीकडं तोंड करून उभा राहिला. म्हाताऱ्याला सांगायचं काम यशोधरेवर आलं. तिनं मोठ्यानं, एकेक शब्द तोडून सांगितलं की शिडी गेली, बाबा. आता चढता येणार नाही. मावशी आत आहेत.

म्हाताऱ्याचा चेहरा एकदम उतरला. त्यांनी वळून जहाजाकडं पाहिलं. तेव्हाच ते हललं. अडीचला अजून काही मिनिटं होती, पण ते हललं. फोनच्या बोटभर पडद्यावरसुद्धा ते केवढं होतं हे कळत होतं. अख्खा डोंगर जागचा सुटावा तसं ते धक्क्यापासून बाजूला सरलं, आणि किनाऱ्यावरच्या इमारती त्याच्यामागून एकेक करून मोकळ्या झाल्या. आवाज काही नाही. मग भोंगा वाजला, लांबलचक, आणि फोनचा आवाज फाटला.

"गजरा कुठल्या खिडकीत आसंल?" म्हाताऱ्यानं विचारलं.

त्या रात्री कपिल आणि बहिरूबाबा एका छोट्या हॉटेलात राहिले. दुसऱ्या दिवशी विमानानं सिंगापूरला गेले. जहाज एक आख्खा दिवस समुद्रात होतं, ते तिसऱ्या सकाळी आलं. तिकिटांचा खर्च यशोधरेनं सोसला, त्याबद्दल कुणाशी बोलली नाही. कल्याणीनं तिकडं माणसं इतकी नीट सांभाळली, की सिंगापूरला उतरेपर्यंत कपिलवाचून कुणाचं काही अडलं नाही. इकडं मात्र तालुकाभर बोभाटा झाला. कुणी म्हणे म्हातारा समुद्रात पडला, कुणी म्हणे जहाजानं टाकून दिला. पुढच्या सहलीतली तीन नावं कमी झाली. आठवड्यात पाच वाढली. ज्यांनी नाव घातलं त्यांतल्या दोघांनी विचारलं, त्याच जहाजानं नेणार का त्यापेक्षा मोठ्या?

आठ दिवसांनी ती लोणीला गेली. जाणं भाग होतं. कपिल येतो म्हणाला, तिनं त्याला नको म्हटलं. भैरवनाथनं तिला ओट्यावर बसवलं, पाणी आणून दिलं, आणि त्या दिवशी ऑफिसात जास्त बोललो म्हणून तोच अवघडला. बहिरूबाबा शेजारच्या चार माणसांना जहाज सांगत होते. लांबी सांगताना ते ओट्यावरून उठले आणि हात करून दाखवायला लागले, त्या लिंबापासून पार पलीकडच्या टाकीपर्यंत, आन् उंची त्या टेकाडाएवढी. लोक ऐकत होते. म्हाताऱ्याचं मागं राहणं त्या गोष्टीत नव्हतंच.

गजराबाई आतून चहा घेऊन आल्या आणि यशोधरेजवळ भिंतीला टेकून बसल्या. पहिल्या रात्री आपण दाराजवळच्या खुर्चीत बसून होतो, हे त्यांनी सांगितलं. पलंगावर पाठ टेकवली नाही. दार वाजलं तर पटकन उघडता यावं म्हणून. वाजणार नाही हे माहीत होतं. दुसऱ्या दिवशी कल्याणीनं हाताला धरून वर गच्चीवर नेलं. चारी बाजूंनी पाणी, कुठं काठ नाही. तिथं एक परकी बाई रडत होती, कशासाठी ते कळलं नाही. गजराबाई तिच्याशेजारी बसून राहिल्या. तिनं यांचा हात धरला, यांनी धरू दिला. दुपारी दोघींनी मिळून आइस्क्रीम खाल्लं.

मग त्यांनी पदर सारखा केला आणि आवाज उतरवून म्हणाल्या, "ताई, त्या पोराला तुमी जा म्हनला, ते लई बरं केलं. पर मला न्हाई इचारलं. मी उतरते म्हनले व्हते."

"तुमचे गुडघे, मावशी..."

"गुडघं माजं हायेत." त्यांनी हे रागानं म्हटलं नाही. "चाळीस वरसं त्यो मेंढरामागं जायाचा आन् मी घरी वाट बघायची. आत्ता मी उतरले आसते तर त्या फळीवर त्याच्याजवळ बसले आसते. तुमी त्या मास्तरीनबाईला सांगितलं, उतरू देऊ नगा. मी ऐकलं ते."

यशोधरेनं कप खाली ठेवला. त्या दिवशी तिनं बरेच निर्णय घेतले होते, त्यांतल्या प्रत्येकावर नंतर रात्री विचार केला होता. ह्या एकावर नव्हता केला. तो निर्णय होता, हेच तिच्या लक्षात आलं नव्हतं.

"चुकलं माझं," ती म्हणाली.

गजराबाईंनी मान हलवली. माफ केलं असं त्यांनी म्हटलं नाही आणि पुन्हा तो विषयही काढला नाही. निघताना त्यांनी पिशवीत घरचे बटाटे घातले, यशोधरा नको म्हणत असताना.

मार्चमधल्या सहलीला बावन्न माणसं झाली. जहाज नवं होतं, आधीच्यापेक्षा दोन मजले उंच. या वेळी कपिलबरोबर कल्याणी पगारावर जाणार होती, आणि यशोधरा स्वतः जाणार होती. कागद तिनं नव्यानं लिहिला. त्यावर जहाज सुटण्याची वेळ छापलीच नव्हती, वर चढण्याची तेवढी होती. निघण्याच्या आदल्या रविवारी तिनं सगळ्यांना मंचरला एका हॉलमध्ये बोलावलं. जेवण, नाटक, घसरगुंड्या यांचं सगळं कपिलनं सांगितलं, लोक हसले, टाळ्या वाजल्या. मग ती उठली. म्हणाली, आता एक गोष्ट मी सांगते, ती घरी जाऊन म्हाताऱ्या माणसांना पुन्हा सांगा. हे जहाज कुणासाठी थांबत नाही. माझ्यासाठीही नाही.

पहिल्या रांगेतल्या एका बाईनं हात वर केला आणि विचारलं, मागं राहिलेल्या माणसाजवळ त्याच्या घरच्यांनी उतरायचं म्हटलं तर उतरता येतं का?

"येतं," यशोधरा म्हणाली. "तुम्ही म्हणालात तर मी अडवणार नाही."